भटकी कुत्री, सहा

माझ्या नवऱ्याला हे माहीत नव्हतं. माहीत न होताच तो गेला. मुलीला माहीत नाही. तीस वर्षं जिथे शिकवलं तिथल्या एकाही माणसाला माहीत नाही. एकीला मात्र माहीत होतं — पण तिला मी सांगितलं नव्हतं, तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्याबद्दल लिहावं लागणारच आहे. आज तुम्हाला सांगते आहे म्हणजे मला कुठून तरी धीर आला, असं समजू नका. मी चिडले आहे. स्वतःवर — आणि खरं सांगायचं तर थोडी तुमच्यावरही. कारण तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्यात.

तुमच्यातल्या काहींनी मला ऐकलं असेल. पुण्यात निसर्गावर व्याख्यान ठेवायचं म्हटलं की बरीच वर्षं माझं नाव निघायचं. विषय ठरलेला — माणसाच्या रेट्याखाली प्राणी कसे बदलतात आणि कसे संपतात. मी चांगली बोलते. मी सांगायचे, लांडगा संपवायला बंदूक लागत नाही. त्याचा माळ तोडा, ससे आणि हरणं संपवा, गावाबाहेर पोल्ट्रीची घाण टाका आणि वाट बघा. माणसाला बुजणारा लांडगा उपाशी मरतो. न बुजणारा उकिरड्यावर येतो, जगतो, आणि पुढची पिल्लं त्याचीच होतात. म्हणजे ज्या बुजरेपणाने या जनावराला हजारो वर्षं जगवलं, तोच आता त्याचा जीव घेतो. बरं, उकिरड्यावर कुत्री असतात. जोडीदार उरला नाही की लांडगा कुत्रीशी जुगतो. पिल्लं होतात — तांबूस, आखूड पायांची, एखाद्याची शेपटी वर वळलेली. दोन-तीन पिढ्यांनी तुमच्यासमोर एक जनावर उभं राहतं, त्याला धड लांडगा म्हणता येत नाही आणि कुत्राही म्हणता येत नाही. "यालाही नामशेष होणंच म्हणतात," मी म्हणायचे, "फक्त प्रेत दिसत नाही."

इथे सभागृह गप्प व्हायचं. इथे ते गप्प होणार हे मला ठाऊक असायचं. मी तिथे थांबून पाणी प्यायचे.

आता ऐका, हे सगळं मला कुठून कळलं ते.

मी शहरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होते. नोकरीची सुरुवातीची वर्षं. खराडीत तेव्हा ज्वारी उभी असायची, आणि मांजरी गावाच्या पुढचे उसाचे फड मागे पडले की रस्ता मोकळा व्हायचा. रविवारी सकाळी डबा आणि दुर्बीण घेऊन मी लुनावरून लोणी काळभोरच्या बाजूला जायचे. गावाच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी, एक मोठा माळ होता. गायरान. कुसळी गवत, बोरी-बाभळी, मधूनच उघडा पडलेला काळा खडक. पुण्याच्या माणसाला विचारलं असतंत तर तो म्हणाला असता, तिथे काही नाही. आपल्याकडे झाड नसलं की काही नाही असंच म्हणतात. 'पडीक' हा शब्द ज्याने सरकारी कागदात घातला त्याला — जाऊ दे. मला कुणाला शिव्या द्यायचा अधिकार नाही.

त्या माळावर हिराबाई मेंढरं चारायच्या. पायथ्याच्या धनगरवाडीतल्या, माझ्याच वयाच्या. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी माझ्या दुर्बिणीकडे बघून विचारलं, "काय हुडकताय?" मी म्हटलं, लांडगा. त्या म्हणाल्या, "मग दुपारचं कशापायी येताय?" आणि मेंढरांमागे निघून गेल्या. पुढे मी पहाटे निघायला लागले. दोन वर्षं त्यांनी मला नुसतं येऊ-जाऊ दिलं. तिसऱ्या वर्षी थंडीत एकदा त्या काही न बोलता पुढे चालू लागल्या आणि मला मागे यायची खूण केली. एका ओढ्याच्या काठाला, करवंदीच्या जाळीखाली, मातीत बीळ होतं. आम्ही लांब खडकामागे बसलो. बऱ्याच वेळाने मादी बाहेर आली. उंच पायांची, अंगाने सडसडीत, वाळक्या गवताच्या रंगाची. डाव्या कानाला चीर होती. तिच्यामागून तीन पिल्लं आली. मी आयुष्यात इतकी गप्प कधीच बसले नव्हते.

"कुनाला दावू नका," हिराबाई म्हणाल्या. एवढंच.

त्या जोडीने हिराबाईंची कोकरं नेलेली होती. एकदा तर लागोपाठ दोन. मी विचारलं, राग येत नाही? त्यांना प्रश्नच कळला नाही बहुतेक. "येतो की," त्या म्हणाल्या, "पर त्याचा वाटा हाय. माळ त्याचा बी हाय." हे वाक्य मी पुढे शंभर व्याख्यानांत वापरलं. कुणाचं ते सांगायचे नाही. 'एक धनगर स्त्री' म्हणायचे. नाव सांगितलं असतं तर कुणीतरी त्यांना गाठलं असतं ना.

सात वर्षं मी तिथे गेले. सात वह्या भरल्या. नर, मादी, कोणत्या वर्षी किती पिल्लं, किती जगली, कुठे शिकार केली. त्या वह्या अजून आहेत. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला उरू नये.

मग आमच्या संस्थेला नवीन आवारासाठी जागा हवी झाली. शहरात जागा नव्हती. सरकारकडून गायरान मिळण्यासारखं होतं — तुम्हाला कळलंच असेल, कुठलं. जागेवर संरक्षित प्राणी नाहीत असा अहवाल लागत होता, त्यावर वनखात्याचा ना-हरकत दाखला मिळायचा होता. प्राचार्यांनी मला बोलावलं. अत्यंत सभ्य माणूस. खुर्चीतून अर्धवट उठून नमस्कार करायचे. म्हणाले, "मॅडम, तो भाग आपल्याइतका कुणालाच माहीत नाही. सर्वेक्षण आपणच करावं. आणि हो — नव्या आवारात वन्यजीव अभ्यास केंद्र काढायचं मनात आहे. आपल्याशिवाय कोण सांभाळणार?"

बस. त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं नाही. धमकी नाही, आडून इशारा नाही. तेवढं सांगायची गरज पडेल असं त्यांना वाटलंच नाही. आणि त्यांचा अंदाज बरोबर निघाला. चांगली माणसं वाईट कामं किती कमी शब्दांत करून घेतात, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

त्या हिवाळ्यात बिळात चार पिल्लं होती. मी ती पाहिली होती. अहवाल लिहायला बसले तेव्हा सातही वह्या टेबलावर होत्या. सस्तन प्राण्यांची यादी लिहिली — ससा, मुंगूस, खोकड. मग पेन थांबलं. किती वेळ थांबलं असेल? मला वाटतं, चहा गार होईपर्यंत. मी स्वतःला सांगत होते, डोंगरापलीकडे आणखी माळ आहे, तिकडे जातील. प्राणिशास्त्राची अध्यापिका स्वतःला हे सांगत होती. लांडग्याचा मुलूख ठरलेला असतो, पलीकडच्या मुलखात पलीकडचे लांडगे असतात, आणि तीन आठवड्यांची पिल्लं डोंगर ओलांडत नाहीत — हे मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं. आणि मी लिहिलं: भटकी कुत्री, सहा.

बघा, संख्यासुद्धा बरोबर लिहिली. दोन मोठी, चार लहान. अभ्यासकाची सवय.

ही कबुली इथे संपली असती तर बरं झालं असतं. कागदावर एक शब्द बदलला, इतकंच माझ्या नावावर राहिलं असतं. पण दहा-बारा दिवसांनी विभागात फोन आला. त्या भागातला वनखात्याचा अधिकारी होता. आवाजावरून तरुण, नवीन. म्हणाला, "मॅडम, आपला अहवाल वाचला. एकच शंका होती. वाडीतली माणसं म्हणतात, तिथे लांडगा आहे. आपण बरीच वर्षं जाताय असं कळलं. आपणच सांगा — आहे का?"

खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. प्राचार्य नव्हते, शिपाई नव्हता. हे नीट लक्षात घ्या. त्या मुलाने दार उघडून धरलं होतं. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? प्राचार्य नाराज झाले असते. केंद्र निघालं नसतं. मी एक साधी अध्यापिका राहिले असते आणि रविवारी लुनावरून माळावर जात राहिले असते.

"नाही," मी म्हटलं. "ती कुत्री आहेत."

मग मी — न विचारता — पुढे बोलले. "त्या लोकांना फरक कळत नाही हो. कुठलंही कुत्रं दिसलं की लांडगा म्हणतात."

हे मला लिहायचं होतं. एवढ्यासाठीच बसले आहे. जिने मला बीळ दाखवलं, पायांचे ठसे ओळखायला शिकवलं, कुत्र्याची चाल आणि लांडग्याची चाल दोन मैलांवरून वेगळी सांगितली, तिला फरक कळत नाही असं मी सांगितलं. आणि तो मुलगा म्हणाला, "बरं झालं आपल्याला विचारलं, मॅडम. आपल्या शब्दावर सही करतो." त्याचा आवाज हलका झाला होता. त्याला खरंच बरं वाटलं होतं.

पुढचं काम भराभर झालं. कुंपण घातलं गेलं, मजुरांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, सपाटीकरणाला यंत्रं आली. मी तिकडे जायचं बंद केलं. परीक्षा होत्या, घरी आजारपण होतं — कारणं मिळतात. महिन्याभराने हिराबाईंचा दीर महाविद्यालयात आला. फाटकाजवळ उभा होता. म्हणाला, वहिनीने बोलावलंय, रविवारी या.

रविवारी मी गेले. गेले खरी. हिराबाई वाडीच्या बाहेर उभ्या होत्या. नेहमीसारखं 'या' म्हणाल्या नाहीत. ओढ्याकडे चालू लागल्या, मी मागोमाग. ओढ्याचा तो काठ नव्हता. म्हणजे करवंदीची जाळी नव्हती, उतार नव्हता, सगळं एका पातळीत आलं होतं आणि त्यावर यंत्राच्या साखळीचे वळ होते. बीळ खाली होतं. पिल्लं बिळात होती का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. हिराबाईंनी आपणहून सांगितलं. "दोन दिस आतून वरडत व्हती," त्या म्हणाल्या. "मी यंत्रवाल्याच्या पाया पडले. तो म्हनला, कुत्री हायत, कागदावर तसंच हाय."

मग त्या मला थोडं पुढे, एका बाभळीखाली घेऊन गेल्या. ठेकेदाराच्या माणसांनी 'कुत्र्यां'च्या त्रासावर इलाज म्हणून मटणात विष घालून टाकलं होतं. हिराबाईंचा स्वतःचा कुत्रा त्यात गेला होता. त्याला त्यांनी पुरला होता. हिला मात्र माझ्यासाठी ठेवली होती. त्यांनी गोणपाट बाजूला केलं. मादी होती. डाव्या कानाला चीर. सडांत अजून दूध होतं, ते पिवळं पडून सुकलं होतं.

"बाई," हिराबाई म्हणाल्या, "वनखात्याचा गार्ड आलता. तो म्हनला, तुमच्या मॅडमनी सांगितलंय, धनगरास्नी कळत न्हाय. तुमी शिकलेल्या. तुमी सांगा. हे कुत्रं हाय का?"

त्या ओरडल्या नाहीत. आवाज वर गेला नाही. मी काय केलं असेल असं वाटतं तुम्हाला? रडले? पाय धरले? मी पिशवीतून टेप काढली. हो. गुडघ्यावर बसले आणि तिची मापं घेतली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, खांद्यापाशी उंची, पुढच्या पंजाची रुंदी, कान. वहीत लिहिली. हिराबाई बघत उभ्या होत्या. माझं होईपर्यंत थांबल्या, मग गोणपाट परत ओढलं आणि म्हणाल्या, "जावा आता."

मी गेले. त्यांच्याशी मी त्यानंतर एक शब्दही बोलले नाही, आणि त्या बोलाव्यात अशी संधीही दिली नाही.

नर वाचला होता. तो तीन-चार वर्षं त्याच भागात राहिला. एकटा. केंद्र सुरू झालं होतं, माझ्या खोलीच्या खिडकीतून तो कधी कधी दिसायचा, कुंपणापलीकडे, मजुरांच्या वस्तीच्या उकिरड्याशी. आधी अंधार पडल्यावर यायचा, मग संध्याकाळी, मग भर उन्हात. माणसाची भीती त्याच्यातून कशी गळत गेली, हे मी तारीखवार टिपून ठेवलं. वस्तीतल्या एका कुत्रीशी तो जुगला. पाच पिल्लं झाली. तांबूस. एकाच्या छातीवर पांढरा पट्टा होता. त्यांची पिल्लं झाली, त्या पिल्लांची झाली. मी सगळ्यांची मापं घेतली आणि ती बाभळीखालच्या मादीच्या मापांशी ताडून पाहिली. माझा जो शोधनिबंध गाजला, ज्याच्यामुळे तुम्ही मला व्याख्यानांना बोलवायला लागलात, तो हाच. त्यात ती मादी 'अस्सल लांडग्याचा नमुना' म्हणून आहे. तिचं, त्या नराचं आणि सगळ्या पिल्लांचंही ठिकाण लिहिलं — सोलापूर जिल्हा. तेवढा बदल करावाच लागला. नाहीतर कुणीतरी विचारलं असतं.

केंद्राच्या दर्शनी भिंतीवर तिचा मोठा फोटो आहे. मीच काढलेला, तिसऱ्या वर्षीच्या थंडीतला. खाली तेच खोटं ठिकाण. फोटो जिथे लावला आहे तिथून ते बीळ जेमतेम दोनशे पावलांवर असावं. त्यावर आता वाहनतळ आहे. तिथे गाड्या लावून लोक आत येतात, फोटोसमोर उभे राहतात आणि हळहळतात. मला दरवर्षी वाटायचं, आज कुणीतरी ओळखणार. कुणी ओळखत नाही. ओळखणारी एकच होती आणि तिला आत यायला गेटवरचा माणूस सोडत नसे.

आणि मी व्यासपीठावरून काय म्हणायचे, माहीत आहे? 'आपण सगळेच दोषी आहोत.' किती सोपं वाक्य आहे. सगळेच म्हटलं की मी त्यात मावून जाते. बिल्डर दोषी, सरकार दोषी, प्लॅस्टिकची पिशवी वापरणारी गृहिणी दोषी. समोरच्या पहिल्या रांगेत बसलेली बाई मान खाली घालायची — जिने आयुष्यात लांडगा पाहिलासुद्धा नव्हता. तिला मी अपराधी वाटायला लावलं. माझ्या रागाचं कौतुक व्हायचं. मॅडम किती पोटतिडकीने बोलतात. तिडीक खरी होती हो. पत्ता चुकीचा होता.

त्या तरुण अधिकाऱ्याची बदली झाली. नंतर एकदा एका कार्यक्रमात भेटला, केस पिकलेले. मला वाकून नमस्कार केला. म्हणाला, आपला निबंध वाचला, आपल्यामुळे लांडग्यांकडे बघायला शिकलो. मी म्हटलं, छान. वाटलं होतं, आत्ता सांगावं, इथेच, चहाचा कप हातात आहे तोवर. कप संपला.

हिराबाई चार वर्षांपूर्वी वारल्या. त्यांची सून केंद्रात झाडलोट करते, तिच्याकडून कळलं — तेही सहा महिन्यांनी, आणि माझ्याशी बोलताना नव्हे, दुसऱ्या कुणाला सांगत होती ते कानावर पडलं. मेंढरं कधीच विकली होती म्हणे. चारायला जागा नव्हती.

गेल्या महिन्यात केंद्रातून बोलावणं आलं. नवीन विद्यार्थ्यांशी गप्पा. मी तेच बोलले जे नेहमी बोलते. शेवटी एक मुलगी उठली. मांजरी गावची, मूळ तिथल्याच शेतकरी घरातली. म्हणाली, "मॅम, अ‍ॅक्च्युअली माझे आजोबा म्हणतात की इथे वुल्व्ज होते. म्हणजे याच कॅम्पसच्या जागेवर. मी प्रोजेक्टसाठी त्यांचं सगळं लिहून घेतलंय. इज इट ट्रू?"

तिच्या हातात वही होती. उघडी. निळ्या शाईत तीन-चार ओळी होत्या, खाली रेघ मारलेली.

मी सत्तरीला आले आहे. नोकरी नाही, पद नाही. प्राचार्य कधीच गेले. आता मला कशाची भीती होती, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण मलाच ते सापडलेलं नाही. तीस जण माझ्याकडे बघत होते.

"तशी नोंद नाही," मी म्हटलं.

"ओके मॅम," ती म्हणाली. खाली बसली, पेनाचं टोपण काढलं, आणि आजोबांच्या त्या ओळींवर एक सरळ काट मारली. मी समोरच उभी होते. मी तिला ती मारू दिली.